टाकांशेजारची हार्ड डिस्क

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. देवावर आहे, पण बेताचा. माझा खरा विश्वास बॅकअपवर. बिरवाडीला एका कारखान्यात मशीनच्या कंट्रोल सिस्टिम सांभाळतो, महाडला राहतो, आणि ज्या नातेवाइकाच्या घरी कॉम्प्युटर आहे त्याच्या घरी चहाच्या आधी "बॅकअप घेता का?" असं विचारतो. त्यामुळे मला फारसं कोणी बोलावत नाही, ते सोडा.

ही गोष्ट माझ्या चुलत्यांच्या घरी घडली. पोलादपूरहून वर गेलं की तीन वळणांनंतर आमचं गाव लागतं. नाव देत नाही, कारण विषय शिमग्याच्या पालखीचा आहे आणि मला गावात तोंड दाखवायचं आहे.

तात्या म्हणजे माझे थोरले काका, निवृत्त शाळामास्तर. शिमग्यात देवीची पालखी बासष्ट घरी जाते. कोणत्या दिवशी, कोणाच्या आधी कोण, ही यादी तात्यांकडे असते. मागे एकदा ह्या मानपानावरून वरची वाडी आणि खालची वाडी अशी जुंपली होती, की तीन वर्षं पालखी देवळातून बाहेरच निघाली नाही. त्या तीन वर्षांत तात्या आणि त्यांचा लहानपणापासूनचा मित्र धर्माकाका एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. दोघांची दारं समोरासमोर! सकाळी दात घासताना दोघं दोन दिशांना तोंड करून उभे राहायचे. शेवटी तात्यांनीच सगळ्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवून यादी पक्की केली आणि पालखी निघाली. तेव्हापासून गावात एकच नियम आहे — "तात्याकडं लिवलंय ते खरं."

ती यादी आधी वहीत होती. वही वाळवीने खाल्ली, म्हणून कॉम्प्युटरमध्ये आली. छापील प्रत तात्या कोणालाच देत नाहीत. बैठकीच्या आधी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवतात, देवळात वाचतात, आणि तो कागद होळीत टाकतात. "कागद हातात राहिला की लोक त्यावर दुरुस्त्या करतात," हे त्यांचं तत्त्व.

गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर मी त्यांच्या कॉम्प्युटरला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडून दिली. दर रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आख्ख्या कॉम्प्युटरची डिस्क इमेज आपोआप त्यात जाईल, असं सॉफ्टवेअर लावलं. डिस्क इमेज म्हणजे कॉम्प्युटर त्या क्षणी जसा आहे तसाच्या तसा उचलून ठेवणं. उद्या मशीन मेलं तरी नव्या डिस्कवर तोच कॉम्प्युटर परत उभा राहतो. तात्यांनी मान डोलावली. काकी दारात उभी होती, तिलाही मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "काकी, घरातलं सगळं ह्या डबीत आहे. ही गेली की सगळं गेलं. जपा हिला."

हे वाक्य माझं. पुढच्या प्रकाराची जबाबदारीही मग थोडी माझीच.

यंदा शिमग्याला आठ दिवस असताना, शनिवारी तात्यांचा फोन आला. मंगळवारी लाइट गेली, आली, आणि कॉम्प्युटर टक-टक आवाज करायला लागला. चार दिवस तात्या स्वतःच 'बघत' होते. म्हणजे दर तासाला बंद करून चालू करत होते. रविवारी संध्याकाळी पाचला देवळात बैठक. यादी नाही.

"बासष्ट घरं मला पाठ नाहीत रे संदीप," तात्या म्हणाले. आवाज अगदी बारीक. "यादी नसली की जो तो आपलंच घर पुढे सांगणार. पालखी परत अडकली तर... मी आता ऐंशीचा. आणखी तीन वर्षं अबोला मला परवडायचा नाही."

मी म्हटलं, "तात्या, बॅकअप आहे ना. काळजी कसली?"

रविवारी नवी डिस्क घेऊन बाराच्या आत पोचलो. जुनी डिस्क कामातून गेली होती, नवी बसवली. मग बॅकअपची वायर ओढली, तर वायरच्या टोकाला काहीच नाही! वायर कॉम्प्युटरमागे नुसतीच लोंबत होती.

"काकी, इथली काळी डबी कुठे गेली?"

"देवात हाय की," काकी म्हणाली. "तूच बोल्लास ना, घराचं सगळं हिच्यात हाय म्हणून? मग ती काय जमिनीवर ठेवायची व्हय रे?"

देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी, लाल फडक्यावर माझी एक टेराबाइटची हार्ड डिस्क बसली होती. हळद, कुंकू, अक्षता, आणि वर सकाळचं ताजं जास्वंदीचं फूल.

"कधीपासून?"

"तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. रोज दिवा लावतो आमी. कदी हालवलं नाय हो! टाकांच्या बाजूचं कोण हालवील?"

मी डबी खाली उतरवली. म्हणजे पहिल्या दिवसाची एक इमेज असेल, ती मी स्वतः घेतलेली. त्यानंतर वर्षभर शून्य. अकरा महिन्यांचं कुंकू वायरच्या खाचेत गच्च बसलं होतं. लाकडासारखं घट्ट! जुन्या टूथब्रशने आणि सुईने ते उकरायला मला पाऊण तास लागला. ही पाऊण तासाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण ह्या खाचेत वर्षभरात वायर गेली असेल असं कोणी म्हणालं तर त्याला मी तो टूथब्रश दाखवतो.

डिस्क जोडली. त्यातल्या बॅकअपची यादी उघडली. आणि मी चष्मा पुसला.

इमेज एक नव्हती. दर रविवारची होती. एकही रविवार चुकलेला नाही. शेवटची गेल्या रविवारची, आठ वाजून दहा मिनिटांची. काकी ज्या वेळी देवापुढे दिवा लावते, नेमकी ती वेळ.

मी तारखा तपासल्या, फायली तपासल्या, घड्याळ तपासलं. मग काकीवर संशय घेतला. तिच्या हातात माउस दिला. तिने तो उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा स्क्रीनवर रोखला आणि बटण दाबलं. संशय मिटला.

शेवटची इमेज नव्या डिस्कवर रिस्टोर केली. तात्या देवळात बसल्यासारखे हात जोडून बसले होते. साडेतीनला कॉम्प्युटर सुरू झाला. यादी उघडली आणि तात्या एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागले. चौथ्या घरावर बोट थांबलं.

"काकी, चहा टाक गो," असं ते बायकोलाच म्हणाले! काकी चक्रावून आत गेली. मग हळूच मला म्हणाले, "हे जुनं आहे."

"नाही तात्या, गेल्या रविवारचं आहे. हे बघा, मोरेंच्या पोराने नवीन घर बांधलं, ते बासष्टावं घर आहे ना?"

"ते मी महिन्यापूर्वी घातलं."

"मग?"

"त्याच दिवशी चौथं घर पण बदललं होतं." तात्या स्क्रीनकडे बघेनात. "चौथं धर्माचं, पाचवं आपलं. ते मी उलटं केलं होतं. त्याने बांधावरच्या माझ्या फणसाची फांदी तोडली रे... न विचारता! आलेल्या आठ फणसांसकट!"

मी आधीच्या तीन रविवारच्या इमेजही उघडल्या. सगळीकडे मोरेंचं नवीन घर होतं, आणि सगळीकडे चौथा धर्माकाका होता. एकाच फाइलमधली, एकाच बैठकीत केलेली एक दुरुस्ती राहते आणि दुसरी जाते, असं कोणतंही सॉफ्टवेअर करत नाही. मी वीस वर्षं हेच काम करतो. बॅकअपला चांगलं-वाईट कळत नसतं.

तरी मी विचारलं, "परत बदलायचंय का? दोन सेकंदांचं काम आहे."

तात्यांनी त्या डबीकडे बघितलं. कडेच्या खाचांत अजून कुंकू होतं.

"राहू दे," ते म्हणाले.

पाचला देवळात वाचन झालं. "चौथं घर, धर्मा." त्यावर धर्माकाका उठून उभे राहिले. "मला वाटलेलं, औंदा तात्या माजं नाव खाली ढकलतोय. फणसाचा राग हाय ना त्याला!" सगळं देऊळ हसलं. तात्याही हसले, पण कानाच्या मागून घामाची धार लागली होती, ती मी बघितली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पालखी निघाली. धर्माकाकांच्या अंगणात ती नाचली तेव्हा पहिला खांदा तात्यांचा होता, गुडघे दुखत असताना.

मी अजून शोधतो आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, 'वायर नीट जोडलेली आहे का ते तपासा.' डबी परत वायरला लावायला गेलो तर काकीने हात लावू दिला नाही. "जमतंय ना तिला? मग?"

परवा तात्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "संदीप, त्या डबीत फक्त कॉम्प्युटरमधलंच जातं ना रे? म्हणजे... आपण बाकी जे काही करतो, ते नाही ना?"

मी म्हटलं, "तांत्रिकदृष्ट्या फक्त कॉम्प्युटरमधलंच."

"तांत्रिकदृष्ट्या," तात्या म्हणाले, आणि फोन ठेवला.

काकी सांगते, ज्या माणसाने जन्मात कधी पूजा केली नाही तो आता दर रविवारी आठच्या आत आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर बसतो. आणि त्याआधी, शनिवारी संध्याकाळीच, धर्माकाकांच्या ओट्यावर जाऊन आठवड्याचं जे काही भांडण असेल ते मिटवून येतो.