बाबांना दिसतील एवढे मासे

माझ्या नवऱ्याने इकडे परदेशात, आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये चार फुटी टाकी आणली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. हॉलमध्ये सोफा ठेवायचा की तलाव, असं विचारलंही होतं. पण तीन वर्षांत त्याने त्या पाण्यात अशी हिरवीगार झाडं वाढवली की आलेला पाहुणा आधी तिकडेच वळायचा. मासे मात्र बोटाच्या पेराएवढे. नियॉन टेट्रा म्हणतात त्यांना. अंगावर एक निळी रेघ, एक लाल रेघ, बाकी मासा असा नाहीच.

त्या टाकीचे खरे चाहते माझे बाबा, तेही साताऱ्यात बसून. दर रविवारी आमचे साडेदहा, त्यांचे आठ वाजले की वहिनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायची. दोन मिनिटं माझी चौकशी झाली की बाबा म्हणायचे, "हं, आता ने फोन तिकडे." मग ते मासे मोजायचे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. एका माशाची शेपटी जराशी फाटलेली होती, ती रोज टाकीसमोर जेवणाऱ्या आम्हांला दिसली नव्हती, त्यांना तिथून दिसली.

पुढे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. समोरचं मधोमध पुसट होत गेलं, कडेकडेचं थोडं उरलं. इंजेक्शनं झाली, औषधं झाली, आणि शेवटी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठं, चमकदार, हलणारं काही असेल तर कळेल, बारीक काम आता विसरा. मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. लिफ्टमध्ये रोज डोळ्यांचे डॉक्टर भेटतात. कितीदा वाटलं, एखाद्याची बाही धरावी आणि म्हणावं, चला हो जरा साताऱ्याला. बाबांना इकडे आणायचं दोनदा ठरलं आणि दोनदा बारगळलं. एकदा त्यांच्या तब्येतीमुळे, एकदा माझ्या रजेमुळे. ते दुसरं मला अजून टोचतं.

एका रविवारी मी फोन टाकीसमोर धरला होता. सगळे नियॉन अगदी काचेला लागून फिरत होते. बाबांनी विचारलं, "आज मासे झोपलेत का गं?"

मी दुपारीच सेरंगूनला गेले. तिथे एका रहिवासी इमारतीच्या खाली माशांचं जुनं दुकान आहे. मालकीण चिनी आँटी, साठीची, पायात रबरी बूट. मी सांगितलं, मोठे मासे हवेत, लांबून दिसतील असे, पण स्वभावाने गरीब, कारण घरात लहान मासे आहेत.

"बिग अँड फ्रेंडली, कॅन," आँटी म्हणाली. "बट यू वॉच द माउथ, ओके? स्मॉल फिश कॅन गो इन, शुअर गो इन, लाह."

तोंडात मावेल तो पोटात जाणार, मग मासा कितीही सज्जन असो. हा हिशेब मनात ठेवून मी काचांमागून काचा बघत फिरले. ऑस्कर म्हणून एक भला दांडगा मासा मालकाला ओळखतो म्हणे, पण आमचे नियॉन त्याचा नाश्ता झाले असते. एंजलफिश दिसायला साध्वी, वाढली की तिचंही तेच. आँटीने पर्ल गुरामीचं नाव चारदा घेतलं. शांत, समजूतदार, हातभर नाही पण वीतभराला थोडा कमी. मला तो फिकट तपकिरी वाटला. बाबांना कुठला दिसायला! मला चकचकीत हवा होता, आणि एकदा डोक्यात बसलं की मी कुणाचं ऐकत नाही.

मग मी तिला विचारलं, "व्हेजिटेरियन कुणी आहे का?"

माझ्या माहेरी अंडंसुद्धा येत नाही. शाकाहारी म्हणजे निरुपद्रवी, हे आमच्या घराण्याने कधी तपासून पाहिलेलं नाही. आँटी खूश झाली. तिने सिल्व्हर डॉलर दाखवले. ताटलीसारखे गोल, तळहाताएवढे, अंग लख्ख चांदीचं. एकटा असला की घाबरतो म्हणून सहा घे, म्हणाली. टाकीत झाडं आहेत का, हेही विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, भरपूर.

"वाह, गुड. दे व्हेरी लाइक."

बुधवारपर्यंत टाकीत नुसते देठ उरले होते. नवरा ऑफिसातून आला, बॅग न ठेवता काचेसमोर उभा राहिला. मी म्हटलं, "कुणाला खाल्लं नाही हां त्यांनी."

"नाही ना. नियॉन सगळे शाबूत आहेत," तो म्हणाला. "माझी तीन वर्षं तेवढी खाल्ली."

दोन दिवस आमच्यात अबोला होता. तिसऱ्या दिवशी चहा पिताना तोच म्हणाला, "जाऊ दे. बाबांना दिसले की झालं." मला इतकं भरून आलं की मी उगाच साखर आणायला उठले.

आडोसा गेल्यामुळे ते सहाही मासे भेदरले होते. हॉलमध्ये कुणी चप्पल वाजवली तरी टाकीतल्या मोठ्या लाकडामागे जाऊन एकमेकांना चिकटायचे. रविवारी सकाळी मी काच पुसली, दिवा लावला, नवऱ्याला आतल्या खोलीत पिटाळलं आणि फोन लावला. हात उचलला, तेवढ्या हालचालीने सगळे लाकडामागे. मी श्वास रोखून फोन तसाच धरून राहिले.

"अगं, दिसले की!" बाबा म्हणाले. "केवढाले आहेत! काय ऐटीत फिरतायत!"

पडद्यावर पाणी, वाळू आणि लाकूड होतं.

मला आधी रागच आला. "बाबा, एकही मासा बाहेर नाहीये. सगळे लपलेत. काय दिसतंय तुम्हांला?"

ते ओशाळून म्हणाले, "तू एवढी धडपड केलीस. नाही म्हणायचं जिवावर आलं."

"कधीपासून दिसत नाहीये?"

"झाले महिने. तुझा चेहराही नाही दिसत आता. पण त्याचं काही नाही, आवाजावरून कळतं मला तुझं." मग ते म्हणाले, "पण हल्ली तू बोलतच नाहीस गं. नुसतं, दिसला का, दिसला का. तू बोल की काहीतरी. काहीही बोल."

मी फोन वळवला आणि माझ्यासमोर धरला. बाबा उजवीकडे, भिंतीकडे बघत होते, कान माझ्याकडे करून. मला पुष्कळ सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि घशातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मी पुसतही नव्हते, कारण लपवायचं कुणापासून?

"हॅलो?" बाबा म्हणाले. त्यांनी चाचपडत फोन उचलला, कानाला लावला. "हॅलो? गेलीस का गं?"