हाकेचा गडी

दाजीकाका बांधावरून चालताना खाली बघत नसत. बघायचं काम पायांचं. आधी टाच टेकवायची, जरा थांबायचं, मग बोटं. माती आतून पोकळ झाली असेल तर पायाला ती वेगळी लागते, असं ते म्हणायचे. आम्ही मुलं त्यांच्या मागून तसंच चालून बघायचो. आम्हाला नुसता चिखल लागायचा.

आमचं गाव पनवेलच्या खाडीवर, जासईच्या अंगाला. शेतं खाडीच्या पाण्याहून सखल, मध्ये मातीचा बांध. बांध धड तोवर भात. तो एकदा फुटला आणि खारं पाणी आत शिरलं की मीठ धुऊन जायला तीन-तीन पावसाळे जातात. तोवर घरातल्या माणसांनी दुसऱ्याच्या शेतावर राबायचं.

आजोबा गेले तेव्हा दाजीकाकांना मिसरूड फुटत होतं आणि माझे बाबा, रामू, नुकते आजीच्या कडेवरून उतरले होते. तेव्हापासून घराचा गाडा काकांनी ओढला. पावसाळ्यात भात, दिवाळी झाली की मिठागरावर फावडं. लढाईच्या वर्षांत सरकारी लेव्हीला भात घालून जे उरलं त्यात त्यांनी आजीला, धाकट्या भावाला आणि दोन बैलांना जगवलं. बैलांचं पोट आधी भरायचे. बाबांना त्यांनी पनवेलला बैलगाड्या करणाऱ्या एका कारखान्यात हाताखाली ठेवलं, कारण पोराच्या हातात कसब होतं आणि घरात चिखल तुडवायला एक माणूस पुरे, असं त्यांचं मत होतं.

बसणं त्यांना जमत नसे. लग्नात जेवायला पानावर बसले तरी उठून यजमानाच्या बैलाचं दावं नीट करून येत. हौसाकाकी म्हणायची, "नवरा मिळाला म्हणून मी नाचत आले. मिळाला तो अर्धाच. अर्धा आधीच बांधाला दिलेला."

माझी आई, शकू, या घरात आली ती सुकापूरहून, गोड्या जमिनीतून. जिभेनं तिखट, कामाला वाघीण. अशा दोन बायका एका चुलीवर फार दिवस नांदत नाहीत. जिताडा माशाचं डोकं कुणाच्या पानात पडायचं, एवढ्यावरूनही दिवसभर भांडी आपटली जायची. शेवटी काकांनीच म्हटलं, "चुली वेगळ्या करू. तोंडं तरी गोड राहतील."

आमच्याकडे रीत अशी, की थोरल्यानं दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्यानं नंतर तोंड उघडायचं नाही. काकांनी एक वाटा केला घरालगतच्या शेतांचा, लहान पण बिनघोर. दुसरा खाडीकडच्या मोठ्या शेताचा. तो मोठा ठेवला, कारण त्याच्याबरोबर बांध येत होता आणि बांधाची जन्माची मेहनत. रामू घरालगतचा उचलेल, हे ते धरूनच चालले होते. बांध आपल्याला येणार, म्हणजे जागच्या जागी राहणार.

गावात हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सुकापूरच्या माणसाला कसं कळावं? आईनं दाराआडून बाबांना खूण केली, आणि बाबांनी मोठा वाटा उचलला. काकांचं तोंड उघडलं आणि मिटलं. हौसाकाकीनं कपाळावर हात मारला तो आईला वाटलं हेव्यानंच.

बाबांना लाकूड कळायचं, चिखल कळायचा नाही. आठवड्यातून एकदा बांधावर जाऊन ते मातीच्या चार टोपल्या टाकत आणि सुतारानं रंधा मारावा तशी वरून सारवून गुळगुळीत करत. दिसायला बांध नवरीसारखा. आत खेकडे बिळं करत होते.

काका आपल्या हद्दीच्या दगडापाशी उभे राहून हे बघायचे. पलीकडे पाऊल टाकायचे नाहीत. गावाचा नेम होता, मालकानं हाक मारल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधावर मातीचं ढेकूळ ठेवायचं नाही. माती ठेवता ठेवता शेतावर हक्क सांगितल्याची भांडणं गावानं पाहिली होती. त्यातून ती कूळकायद्याची वर्षं. कसेल त्याची जमीन, हे वाक्य जो तो ऐकवायचा. शेजारची भामा आईला पाण्याच्या वाटेवर सांगायची, "भासऱ्याला बांधावर घेशील तर शेत त्याचं झालं समज. मोठा वाटा तुमी उचललात, ते त्याच्या पोटात हायच."

आईनं ते मनात घट्ट धरलं. बाबांनी एकदा चाचरत म्हटलं, "दादाला बोलवू का?" तर तिनं ताट त्यांच्यापुढे असं ठेवलं की आमटी सांडली.

काका रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसू लागले. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही, ही रीत. मग दोघं कोंबडीशी बोलायचे.

"कोंबडे," काका अंगणाकडे बघत म्हणायचे, "कोपऱ्यात खेकड्यांनी बिळं केलीत. कुणाच्या कानावर घालशील तर बरं."

आतून आई म्हणायची, "कोंबडे, ज्याचा बांध त्याला दिसतो म्हणावं. चा निवतोय, तो घ्या म्हणावं."

"चा घेतो. पण नुसतं दिसून भागत नाय. बांधाला माती लागते."

"टाकलीय माती. रविवारीच टाकलीय."

"ती रेताड. मांडवाच्या दारात पसरायला बरी."

हौसाकाकी पान लावता लावता म्हणाली, "त्या कोंबडीला आता सरपंच करा. दोन्ही बाजू तिलाच ठावं."

काका हसले नाहीत. त्यांना सरळ एवढंच म्हणता आलं असतं, की मला बोलाव. ते त्यांनी कधी म्हटलं नाही. मागून मिळवलेली हाक म्हणजे हाक नव्हे, असं त्यांचं.

त्या साली सर्वपित्री अवसेला मोठं उधाण होतं आणि भरती ऐन दुपारची. शेतात लोंब्या दुधात आल्या होत्या. बाबा कारखान्यात गेले होते, संध्याकाळी यायचे होते. चुली वेगळ्या झाल्या तरी पितर एकच, म्हणून आई काकांच्या घरी हौसाकाकीला वडे तळू लागत होती. पितरांचं पान वाढलं, आणि ते कौलांवर ठेवायला घरधनी कुठाय म्हणून शोधतात तोवर भामाच ओरडत आली, "शकू, तुज्या कोपऱ्यातून पाणी येतंय!"

सगळ्या बायका तशाच पिठाच्या हातांनी धावल्या.

काका हद्दीच्या दगडाशी उभे होते. बरोबर त्यांचा सोबती काशीराम आणि आणखी चार गडी, फावडी, टोपल्या. मागे चिकणमातीचा ढीग. ती माती कुठून आली ते आईनं पाहिलं. काकांनी आपल्या शेतातलं उभं भात उपटून तिथं खड्डा खणला होता. शेजारी पेंढ्याचे भारे रचून ठेवलेले, बैलांची वैरण. आणि बांधाच्या कोपऱ्यातून मनगटाएवढी धार आमच्या शेतात पडत होती.

"दाजी, चल ना!" काशीराम पाय आपटत होता. "काय बघतोस?"

"हाक नाय आली," काका म्हणाले.

हौसाकाकी आईवर वळली. "मार की हाक! जीभ काय पितरांना वाढून आलीस?"

भामा आईच्या कानाशी लागली, "शेत जाईल गो." आई तिच्याकडे बघेना. ती धारेकडे बघत होती. धारेबरोबर बांधाची माती तुटून पडत होती, एकेका घासानं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. आमच्या घरात आल्यापासून तिचा आवाज काकांनी कोंबडीला उद्देशूनच ऐकला होता.

"भावजी, या," ती म्हणाली.

काका हलले नाहीत. "कोण बोलवतंय?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच असावं. मग ती अशी ओरडली की बांधावरचे बगळे उठले. "मी, शकू! रामूची बायको! शेत माजं, बांध माजा, तुमी या!"

"आलो," काका म्हणाले, आणि दगड ओलांडला.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. त्यांनी बाहेरच्या अंगाला कमरेपर्यंत पाण्यात उतरून पायानं बिळाचं तोंड शोधलं. त्यात पेंढ्याची गुंडाळी कोंबली, वर माती, परत पेंढा, परत माती. "थापू नका, तुडवा!" म्हणून ओरडत होते. आईनं कासोटा घट्ट केला आणि टोपल्या उचलल्या. घाईत कुणी कुणाशी कोंबडीमार्फत बोललं नाही. "शकू, इकडं टाक," "भावजी, सरा," असं सरळ चाललं होतं. धार बोटाएवढी झाली, मग नुसती ओल राहिली, आणि पाणी उतरायला लागलं तेव्हा हौसाकाकी बांधावरच वडे घेऊन आली.

काका उठून आपल्या हद्दीत गेले आणि तिथं बसून जेवले.

"अजून काम हाय त्या कोपऱ्यात," ते घास घेत म्हणाले. "उद्या हाक मारशील?"

"आता काय रोज विचारणार?" आई म्हणाली.

"रोज. आणि मोठ्यानं मार. गावानं ऐकली पायजे."

तसंच झालं. पुढची कितीतरी वर्षं, बांधाच्या कामाचे दिवस आले की काका सकाळी दगडापाशी येऊन उभे राहायचे आणि आई चुलीपुढून उठून हाक द्यायची. ती वैतागायची. "गावाला वाटतं मी भासऱ्याला कामाला ठेवलाय," म्हणायची. भात झोडल्यावर तिनं त्यांच्याकडे चार पायल्या पाठवल्या तर त्या तशाच परत आल्या. हळूहळू बांध तिच्याही पायांना कळू लागला, पण काका येत राहिले.

काका थकले तोवर त्यांचा मुलगा भगवान मोठा झाला होता. खाडीपलीकडे कारखाने येणार, जमिनीला भाव येणार, अशी बोलणी सुरू झाली होती. एके दिवशी भगवाननं देवळापुढे चार माणसं जमवली. म्हणाला, "माज्या बापानं हयात घातली त्या बांधावर. कसेल त्याची जमीन. अर्धं शेत आमचं."

बाबा खाली मान घालून बसले. आई बायकांत उभी होती. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. भामानं सांगितलेलं इतक्या वर्षांनी पुढ्यात आलं होतं.

काकांचे गुडघे गेलेले. काठी टेकत ते आले आणि उभेच राहिले. "त्या बांधावर मी गेलो ती कुणाच्या हाकेनं?" त्यांनी विचारलं.

"शकूच्या," काशीराम म्हणाला. "आख्ख्या खाडीनं ऐकलीय."

"कायदा कुळाला हाय, भगवान. हाकेवर जातो तो गडी. मी तिचा गडी होतो."

थोरल्या भासऱ्यानं धाकट्या भावजयीचा गडी म्हणवून घ्यावं, तेही देवळापुढे. भगवानचं तोंड उतरलं. "बा, काय बोलतोस? लोक ऐकतात."

"म्हणून तर बोलतो. आणि आता माज्यानं चढवत नाय. उद्यापासून तू जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान टोपली घेऊन दगडापाशी येऊन उभा राहिला. आईनं त्याला चुलीपुढून पाहिलं. तव्यावरची भाकरी उलटली, दुसरी थापली, तीही भाजून झाली. ऊन अंगणात आलं. भगवाननं टोपली या हातातून त्या हातात घेतली, पण दगड ओलांडला नाही. मग आई हात पुसत दारात आली आणि तिनं हाक मारली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.