विहिरीची कोरी चिठ्ठी

मी प्रभाकर वानखडे, वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न. इंझोरीजवळच्या आमच्या वस्तीत बारा कुटुंबांची एक सामायिक विहीर आहे आणि तिच्या पाण्याच्या पाळ्यांची वही माझ्याकडे असते. सोमवारी सकाळी त्या विहिरीवर जे घडले, ते न वाढवता नोंदवून ठेवावे, एवढाच या पोस्टचा हेतू.

उन्हाळ्यात पाणी खाली गेले की आठवड्याला तीनच पाळ्या देता येतात. म्हणून दर सोमवारी पितळी गडव्यातून आम्ही तीन चिठ्ठ्या काढतो. कुटुंबे बारा, चिठ्ठ्या मात्र तेरा... तेरावी कोरी.

विहीर खणताना दरड कोसळून एक मजूर आत राहिला होता. तो कामासाठी बाहेरून आलेला, आणि त्याचे नाव कोणीच विचारले नव्हते. कोरी चिठ्ठी त्याची. ती निघाली की त्या पाळीला मोटर बंद, असा जुना रिवाज.

यंदा ती सलग चार सोमवार निघाली.

तेरातून तीन चिठ्ठ्या निवडण्याचे २८६ प्रकार होतात आणि त्यांपैकी ६६ प्रकारांत कोरी असते. म्हणजे दर वेळी शक्यता तीन तेरांश. सलग चार वेळा हे घडणे म्हणजे साधारण साडेतीनशेत एकदा... दुर्मिळ खरे, पण अशक्य नव्हे. निदान मी तसे म्हणत होतो.

याच चार आठवड्यांत बारा कुटुंबांपैकी निर्मलाबाईंचे नाव एकदाही निघाले नाही. त्यांची संत्र्याची झाडे दोन वर्षांची. पाने वळायला लागली होती. आणखी एक आठवडा ती तगली नसती.

"वानखडेभाऊ, मेलेल्याले चार पाळ्या, अन् माह्या जित्या झाडायले एक नाही," त्या म्हणाल्या. "बीकॉम शिकले न तुमी? मंग करा हिशोब."

केला. कोरी वगळली तर त्यांची शक्यता शंभरात तेवीसवरून पंचवीस होत होती. फरक किरकोळ होता, तरी एक पाळी वाया जाणार नव्हती. मी कोरी वगळायचे ठरवले.

चिठ्ठ्या काढणारे पुंडलिकआबा वस्तीत सर्वांत वडील. त्यांनी एवढेच म्हटले, "त्याले इचारलं का?"

कोणी हसले नाही.

सोमवारी मी कट्ट्यावर बसून नव्या बारा चिठ्ठ्या लिहिल्या. शिष्टाचार म्हणून स्वतःचे नाव शेवटी. सर्वांसमोर दोनदा मोजल्या आणि गडव्यात टाकल्या.

पहिली दोन नावे निघाली, निर्मलाबाईंचे नव्हते. आबांनी तिसरी चिठ्ठी उलगडली आणि माझ्यासमोर धरली.

कोरी.

वारा नव्हता. तरी विहिरीत खाली पाणी हलल्यासारखा आवाज आला... तो मी एकट्याने ऐकला नाही.

मी उरलेल्या नऊ चिठ्ठ्या उघडल्या. माझे नाव कोठेही नव्हते. मग ती कोरी चिठ्ठी उन्हात तिरपी धरली, तेव्हा कागदावर पेनाच्या टोकाचे वळ दिसले... 'वानखडे'. अक्षरे उमटली होती, शाई नव्हती.

म्हणजे पाळी माझी होती. मी तेथल्या तेथे ती निर्मलाबाईंच्या नावे केली आणि वहीत तशी नोंद घेतली. त्या मोटरीकडे निघाल्या आणि वाटेत विहिरीला हात जोडले.

"तुमी कायचे देता, भाऊ," आबा चिठ्ठी परत माझ्या हातात देत म्हणाले. "देल्लं त्यानंच. नाव तेवढं तुमचं घेतलं."

बारातून तीन चिठ्ठ्यांचे प्रकार २२०. एक ठरावीक चिठ्ठी असलेले ५५. शक्यता एक चतुर्थांश. यात अद्भुत काही नाही, हे मी तीनदा पडताळून पाहिले आहे.

मात्र बारा नावांपैकी नेमक्या माझ्याच नावाला शाई का उतरली नाही, याला माझ्याजवळ सूत्र नाही. वहीतली नोंद मी त्याच पेनाने केली होती... पेन व्यवस्थित चालतो.

झाडांना पाणी मिळाले. पुढच्या सोमवारी मी पुन्हा तेरा चिठ्ठ्या करणार आहे, आणि तेरावी सर्वांत आधी. ज्याचे नाव विचारायचे राहून गेले, त्याचे पाणी आपण पितो आहोत, एवढे तरी लक्षात असावे.

आपला,
प्रभाकर वानखडे
इंझोरी, जि. वाशिम
बुधवार, सकाळ