ठीक आहे हा आकडा नव्हे

ऑगस्टमधला दुसरा गुरुवार. रक्कम एकशे बेचाळीस दिनार. हजर: हिशेब विभागाकडून मी, चिलरचा फोरमन सावंत, आणि दिवसपाळीचे सगळे ऑपरेटर. जागा, आमच्या प्लांटची पँट्री. कुरोदा-सानांची आई वारली होती आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे दुखवट्याचं पाकीट द्यायचं होतं. पैसे मी मोजले, पाकीट सावंतने बंद केलं, आणि पाकिटावर काय लिहायचं ते कुणालाच सुचलं नाही. ते कोरंच राहिलं.

ती ऐंशीच्या पुढची होती, वय झालं होतं, असं पँट्रीत कुणीतरी म्हणालं. मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. ती वयाने गेली नाही, टाळता आलं असतं अशा कारणाने गेली. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी कुरोदा-सानांना पाहिलेलं नाही त्यांना एवढं सांगतो, की त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी पेनासारखाच एक थर्मामीटर असायचा. इथे आखातात, जुफैरच्या उंच इमारतींना गार पाणी पुरवणारा आमचा प्लांट आहे. पाणी इथे थंड होतं, जमिनीखालच्या नळांतून इमारतींत जातं, आणि तिथल्या हजारो खोल्या गार करून परत येतं. ते थंड करणारी यंत्रं, म्हणजे चिलर, जपानी. यंत्रांबरोबर त्यांच्या कंपनीने देखभालीसाठी कुरोदा-सानांना पाठवलं (सान म्हणजे आपल्याकडचं राव), आणि ते सहा वर्षं राहिले.

ऑपरेटरला त्यांनी विचारावं, पाणी कसं आहे? त्याने म्हणावं, "ठीक है, सर." कुरोदा-सान चालता चालता थांबायचे.

"ठीक है मत बोलो. कितना है बोलो."

हे हिंदी त्यांना सावंतने शिकवलेलं. आकडा सांगितला तरी ते स्वतः जाऊन बघायचेच. त्यात संशय नसायचा. ते म्हणायचे, "माणूस मला बरं वाटावं म्हणून बोलतो. थर्मामीटरला माझी पर्वा नाही." सहा वर्षांत आमच्या एकाही इमारतीला गार पाणी कमी पडलं नाही. हिशेब विभागात असल्यामुळे मला हे पक्कं माहीत आहे. कमी पडलं असतं तर दंड माझ्याच टेबलावरून गेला असता.

बुद्धपौर्णिमेला ते आमच्या घरी यायचे. पहिल्या वर्षी आले तेव्हा आमच्या बुद्धमूर्तीसमोर बराच वेळ वाकून उभे राहिले. मग जेवायला बसले. माझ्या बायकोने, सुनंदाने, खिरीची वाटी पुढे ठेवली आणि म्हणाली, "सांभाळून, गरम आहे."

"कितना?" असं म्हणून त्यांनी खिशात हात घातला. सुनंदा म्हणाली, "अहो, यांना सांगा, माझ्या खिरीत ते बुडवलं तर पुढच्या वर्षी वाटी मिळणार नाही." मी सांगितलं. ते लाजले आणि थर्मामीटर परत खिशात गेला. त्यानंतर दर वर्षी दारातूनच ते दोन्ही हात वर करून सुनंदाला दाखवायचे, की आज खिसा रिकामा आहे.

तर असा माणूस. आता त्यांच्या आईबद्दल.

ती तोक्योपासून आत, डोंगरांच्या कुशीतल्या एका सखल गावात एकटी राहत होती. त्या भागात समुद्राचा वारा पोचत नाही आणि उन्हाळा असा पडतो, की आमच्या नागपूरची आठवण यावी. कुरोदा-सानांनी हिवाळ्यातल्या रजेत तिच्या खोलीत नवा एसी बसवून घेतला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत, इथले साडेअकरा म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेपाच, ते पँट्रीत फोन डब्याला टेकवून उभा करायचे आणि आईशी बोलायचे. सावंत आणि मी त्याच टेबलावर. त्यामुळे ती आम्हालाही ओळखायची. सावंत तिला हात जोडायचा, ती वाकायची.

जुलैपासून तिच्या मानेभोवती ओला टॉवेल दिसायला लागला. कपाळाला केस चिकटलेले. कुरोदा-सान विचारायचे, ती हसून एकच शब्द म्हणायची, "दाइजोबु." म्हणजे, मी ठीक आहे, काळजी नको.

एक दिवस तिच्या मागून, गावातून, भोंग्यावर कुणी बाई काहीतरी सांगत असल्याचा आवाज आला. सावंतने विचारलं, "सान, ये क्या बोलता है?"

"नगरपालिका. आज उन्हाचा इशारा आहे. म्हाताऱ्या माणसांनी एसी लावावा, संकोच करू नये."

सावंत माझ्याकडे वळून म्हणाला, "मगे, लावल्यान काय?"

कुरोदा-सानांनी विचारलं. उत्तर आलं, "दाइजोबु."

मला तेव्हाच राग आला होता. भोंगा साऱ्या गावाला सांगतो, म्हणजे कुणालाच सांगत नाही. मोठ्या भूकंपानंतर त्या देशात अणुवीज केंद्रं बंद पडली, तेव्हा वीज वाचवा असं सांगितलं गेलं. लोकांनी वाचवली. ही बाई त्यानंतरही वाचवतच राहिली. पुढे त्याच सरकारला उलटं सांगावं लागलं, की एसी लावा, जीव वाचवा. पण वीज वाचवणं हे चांगल्या नागरिकाचं लक्षण म्हणून एकदा अंगात भिनवलंत, तर ते भोंग्याने कसं निघेल? तिथे दर उन्हाळ्यात माणसं उन्हाने जातात, बहुतेक म्हातारी, पुष्कळशी आपल्याच घरात, आणि अनेकदा भिंतीवर बंद असलेल्या एसीखाली. गरीब देश असता तर समजलं असतं. तिथे यंत्र आहे, वीज आहे, पैसा आहे, मोबाइलवर इशारा आहे. फक्त आत येऊन बटण दाबणारं कुणी नाही, कारण न विचारता कुणाच्या घरात शिरणं वाईट दिसतं.

मी म्हणालो, "कुरोदा-सान, तुमचा नियम लावा. ठीक आहे म्हणू नको, किती आहे ते सांग, असं आईला म्हणा. खोलीत थर्मामीटर असेल ना?"

त्यांनी मान खाली घातली. "मेश्राम-सान, ऑपरेटरला आकडा विचारतात. आईला विचारला, तर तिचा शब्द मी खरा मानला नाही असं होईल."

सावंतने दुसरा उपाय काढला. "सान, तुम जाओ घर. पंधरा दिन. यल्ला!" यल्ला म्हणजे इथल्या अरबीत, चला, निघा.

"ऑगस्टमध्ये? एक चिलर खोललेला आहे. माझ्या मागे तुला डबल शिफ्ट."

"अरे मेरे को चलेगा डबल! तिबल भी चलेगा!"

पण ते म्हणाले, "मेवाकू." हा त्यांचा दुसरा नेहमीचा शब्द. दुसऱ्याला आपला त्रास. तो होऊ नये म्हणून सर्दी झाली की ते मास्क लावायचे, लिफ्टमध्ये फोन घ्यायचे नाहीत, आणि सहा वर्षांत एकदाही त्यांनी उन्हाळ्यात रजा मागितली नव्हती. आम्ही फारच मागे लागलो तेव्हा ते त्यांच्या साहेबांकडे गेले. साहेबही जपानी. कुरोदा-सान पाच मिनिटांत परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हंगाम जोराचा आहे, पण निर्णय तुमच्यावर सोडतो."

"मग झालं! घ्या रजा!"

त्यांनी हेल्मेट परत डोक्यावर चढवलं, तेव्हा मला कळलं. त्यांच्या भाषेत तो नकार होता. नाही म्हटलं असतं तर साहेबांवर जबाबदारी आली असती. हो म्हटलं असतं तर काम अडलं असतं. निर्णय तुमच्यावर सोडतो म्हटल्यावर साहेबांचे हात स्वच्छ, आणि कुरोदा-सानांसारखा माणूस आपणहून जागेवर परत बसणार याचीही खात्री. आपल्याकडचे साहेब रजा नाकारताना निदान आवाज चढवतात. त्या आवाजाशी भांडता तरी येतं.

रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, साडेअकराला फोन उचलला गेला नाही. कुरोदा-सान म्हणाले, अंघोळीला गेली असेल. त्यांनी आणखी दोनदा लावला. घंटा वाजत राहिली.

मी म्हणालो, "शेजारणीला लावा. नंबर आहे ना?"

"आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. "तिकडे सहा वाजत आले. त्यांची जेवणाची वेळ."

"जेवता जेवता उठतील! दोन घरं सोडून तर जायचं आहे."

"उद्या करतो. उद्या नाही उचलला तर."

सावंत टेबलावर हात आपटून म्हणाला, "अरे सान, जेवण गेला खड्ड्यात! लगाओ फोन!"

त्यांनी फोन खिशात ठेवला, थर्मामीटरशेजारी, आणि खोललेल्या चिलरकडे गेले. सोमवारीही तिने उचलला नाही. तेव्हा त्यांनी शेजारणीला फोन केला. ती लेकीकडे गेली होती. मंगळवारी सकाळी पेपर टाकणाऱ्याला पेटीत आधीचे दोन पेपर तसेच दिसले आणि त्याने पोलिसांना कळवलं.

डॉक्टरांच्या अंदाजाने ती सोमवारी पहाटे गेली. म्हणजे रविवारी आम्ही तिघं पँट्रीत बसून शेजारणीच्या जेवणाचा विचार करत होतो, तेव्हा ती जिवंत होती. खिडक्या बंद. पोलिसांनी दार उघडलं तेव्हा खोलीत एकोणचाळीस अंश. एसीचा रिमोट खणात होता, दुकानातून आला तेव्हाच्या प्लॅस्टिकमध्ये. खराब होऊ नये म्हणून.

कुरोदा-सान त्याच दिवशी गेले आणि पुढच्या मंगळवारी परत आले. सकाळी सातला मी आलो तर माझ्या टेबलावर मिठाईचा डबा. सावंतच्या लॉकरवर डबा. प्रत्येक ऑपरेटरच्या जागी एकेक. आणि ते स्वतः पँट्रीच्या दाराशी उभे, येणाऱ्या प्रत्येकासमोर कमरेत वाकून, ऐन हंगामात आठवडाभर गैरहजर राहिल्याबद्दल माफी मागत.

हा रिवाज आहे, मला माहीत आहे. माझ्या घरीही रिवाज आहेत. पण आईला जाळून आलेला माणूस ती गेल्याच्या आठव्या दिवशी माफी मागतो, त्यात ती माफी आमच्याकडे. आणि ज्या साहेबाने निर्णय त्यांच्यावर सोडला होता तो समोर उभा राहून मान हलवतो आणि डबा स्वीकारतो, हे मला बघवलं नाही. मी माझा डबा उघडला नाही. साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, की या प्लांटमध्ये माफी मागायची असेल तर ती दुसऱ्या कुणीतरी मागायला हवी. त्यांना मराठी येत नाही. मी इंग्रजीतही म्हणालो. ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सावंतने मात्र डबा उघडला, एक वडी तोंडात टाकली आणि पाठ फिरवून उभा राहिला. "ह्येची माफी आम्ही मागूक होयी," एवढंच तो म्हणाला.

पाकीट मी दुपारी दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. दुखवट्यात आलेल्या रकमेच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू ज्याची त्याला परत द्यायची, अशीही त्यांच्यात पद्धत आहे. कुणाच्याही दुःखातून कुणावर ओझं राहू नये म्हणून. मला ती आवडत नाही, पण महिनाभराने प्रत्येकाला काहीतरी आलं. बहुतेकांना चहा. मी वीस दिनार घातले होते. मला एक भिंतीवरचा थर्मामीटर आला, मोठ्या आकड्यांचा, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

"मेश्राम-सान, तुमची आई नागपूरला एकटी आहे ना?"

"हो."

"मी रोज विचारलं, ठीक आहेस ना? ती रोज म्हणाली, ठीक आहे. माझ्या प्लांटमध्ये कुणी असं काम केलं असतं, तर मी त्याला ठेवलं नसतं." त्यांनी तो थर्मामीटर माझ्या हातात दाबला. "आईला विचारू नका. भिंतीला विचारा."

त्या हिवाळ्यात त्यांनी नोकरी सोडली आणि ते आईच्या घरी राहायला गेले. जाताना साहेबांनी भाषण केलं. कुरोदा-सानांनी केलं नाही. त्यांनी शेवटची फेरी मारली, प्रत्येक नळावरचा आकडा पाहिला, खिशातला थर्मामीटर काढून सावंतला दिला, आणि गेले.

पुढच्या जुलैत त्यांचा निरोप आला. सकाळ-दुपार ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांची दारं वाजवतात, आत शिरतात, आणि भिंतीवरचा आकडा वाचल्याशिवाय बाहेर येत नाहीत. खाली लिहिलं होतं: "नगरपालिकेकडे माझ्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या आहेत. मी लोकांना त्रास देतो. सावंतला सांगा." मी सांगितलं. सावंत म्हणाला, "शाब्बास रे सान!"

आमच्या आईचं सांगायचं राहिलं. त्या निरोपाआधीच्या मे महिन्यात मी रजेवर जाऊन तिच्याकडे एसी बसवला आणि समोरच्या भिंतीवर तो थर्मामीटर. रोज व्हिडिओवर मी म्हणायचो, आई, फोन भिंतीकडे कर. पहिले चार दिवस तिने केला नाही. "मले काही होत नाही बाप्पा, कूलर हाय न. आपल्या मायवर भरोसा नाही काय तुले?" मी म्हणायचो, नाही, फोन फिरव. पाचव्या दिवशी चिडून फिरवला. एक्केचाळीस. मी फोन ठेवला नाही. तिने रिमोटचं प्लॅस्टिक फाडेपर्यंत, एसी सुरू होऊन आकडा खाली येईपर्यंत, मी कामाच्या वेळात तसाच बसून राहिलो. साहेब दोनदा समोरून गेले.

महिनाअखेर ती फोनवर ओरडली, "बिल पाह्यलं काय? काहून एवढं? घर इकाले काढतो काय आता?"

मी म्हणालो, "बिल नंतर. आधी भिंत दाखव."

अठ्ठावीस.

ते बिल सहा हजार आठशे चाळीस रुपयांचं होतं, त्या घराचं आजवरचं सर्वात मोठं. मी ते त्याच दुपारी पँट्रीत बसून मोबाइलवरून नागपूरच्या वीज कंपनीला भरलं, पूर्ण.