सरांचा हमखास चुकणारा अंदाज

मोरजीच्या सगुण सरांना अंदाज बांधायची भारी हौस, आणि तो चुकवायची त्याहून मोठी हातोटी. यंदा कासव किनाऱ्याच्या कुठल्या टोकाला अंडी घालणार हे ते छातीठोकपणे सांगत. गाव मुकाट्याने दुसऱ्या टोकाला जाऊन बसे, आणि कासव तिथेच येई. असा माणूस शेतीत पडता तर नुकसान घरातल्या घरात राहिलं असतं. पण सर झाले पेडण्याकडच्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक. कुठल्या, ते विचारू नका.

बावीस वर्षं त्यांनी बास्केटबॉलचा संघ निव्वळ मनाच्या कौलावर चालवला. कोणाला उतरवायचं, बॉल कोणाकडे द्यायचा, हे ते डोळे मिटून ठरवत. "भितरसून येवंक जाय," असं म्हणत. आतून काय यायचं देव जाणे, बाहेरून कप मात्र कधी आला नाही.

मग कारापूरच्या देवकी मॅडम संख्याशास्त्र शिकवायला आल्या. बाईंना मोजायचं वेड. मैदानाच्या कडेला वही घेऊन बसायच्या, कोणी किती बॉल टाकले, किती आत गेले, सगळं टिपायच्या. आणि महिन्याभरात सरांचे अंदाजसुद्धा टिपायला लागल्या. शेवटी एक दिवस वही घेऊन त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. सगुण सरही तिथेच होते.

"सरांचो अंदाज हांवें त्रेचाळीस खेपे टिपलो," मॅडम म्हणाल्या. "त्रेचाळीसय खेपे चुकलो."

सरांनी गळ्यातली शिटी काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे माका आतां घरा धाडटात?"

"ना, ना! अर्दे खेपे चुकता तो मनीस कसल्याच उपेगाचो न्हय. पूण इतलो नेमान चुकता म्हणजे तो सोन्यासारकोच! तुमी सांगचें, आमी उलटें करचें."

प्राचार्य रघुनाथबाब खुर्चीतून उठून उभे राहिले. इतकी शास्त्रीय गोष्ट त्यांच्या कॉलेजात पहिल्यांदाच घडत होती. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला: बाकावर सर बसतील, पण फक्त यासाठीच. मनात येईल ते मॅडमच्या कानात सांगायचं, आणि मॅडम मुलांना नेमकं त्याच्या उलट सांगतील.

आणि काय सांगू, संघ जिंकायला लागला! सर म्हणत "डावीकडून," मुलं उजवीकडून घुसत. बघता बघता कॉलेज अंतिम सामन्यात पोचलं. लोक रस्त्यात सरांना थांबवून हात मिळवत, "असेच चुकत रहा" म्हणत. सर हसत, पण घरी गेल्यावर पेजेची वाटी तशीच बाजूला सारत. एकच इच्छा उरली होती: मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, आपला अंदाज खरा ठरावा.

त्यातून त्यांना युक्ती सुचली. अंतिम सामन्यात मॅडमच्या कानात एकदाच खोटं सांगायचं, मनात आहे त्याच्या उलट. मॅडम त्याचं उलट करतील, म्हणजे आपलं मनातलं होईल. पण खोटं बोलायची सवय नव्हती. तेव्हा आदल्या सकाळी ते ग्रामदेवतेकडे प्रसाद घ्यायला, म्हणजे कौल लावायला, गेले. देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

आता प्रसादाचं एक असतं. प्रश्न आपल्या मनात ठेवून चालत नाही, तो गुरवाला सांगावा लागतो. आणि हा महादेव गुरव पहाडी आवाजाचा.

"बा देवा म्हाराजा!" तो गरजला. "मोरजेचो सगुण तुज्या पायाकडे इलोसा. फाल्यां म्याच आसा. थंय तेका देवकी मॅडमच्या कानात एक खोटा बोलूचा आसा. तुका मानवता तर उजवी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रिवाजाप्रमाणे देवळातली सगळी माणसं ओरडली. त्यातला एक आवाज बाईचा होता. सरांनी मागे वळून पाहिलं. हातात परडी घेऊन देवकी मॅडम उभ्या होत्या, आणि तोंड अजून उघडंच होतं. दुसऱ्याच क्षणी उजवी पाकळी पडली.

सामन्यात आठ सेकंद उरले, संघ एका गुणाने मागे. टाइमआउट घेतला. सरांच्या आतून आवाज आला: शंभू! हा शंभू कॉलेजात सगळ्यात उंच, आणि हंगामभरात अकरा वेळा बास्केटवर बॉल टाकून अकराही वेळा चुकलेला. सर मॅडमच्या कानाशी वाकले. "शंभूक बॉल दिवं नाकात," म्हणाले, आणि लाल झाले.

मॅडमनी वही पाहिली. हिशोब सरळ होता. सर खोटं बोलताहेत, म्हणजे त्यांच्या मनात शंभू आहे; आणि सरांच्या मनात आहे म्हणजे शंभू नकोच. पण देवासमोर "व्हय म्हाराजा" म्हणून सरांच्या खोट्याला होकार दिल्यावर माघार कशी घ्यायची?

"शंभू, तूं मार," मॅडम म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

बॉल बोर्डवर आपटला, रिंगवर दोनदा नाचला, आणि आत पडला. शिटी वाजली.

सोमवारी सत्कार झाला. रघुनाथबाबांनी शाल घातली, नारळ दिला. "बरोबर सांगणारे गल्लोगल्ली सापडतात," ते म्हणाले, "पण इतक्या भरवशाने चुकणारा माणूस फक्त आपल्याकडे आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सर मान खाली घालून उभे. आयुष्यात एकदाच बरोबर ठरले होते, आणि नेमका त्याचाच नारळ चुकल्याबद्दल म्हणून मिळत होता. त्यांना रडू यायला लागलं.

तेवढ्यात देवकी मॅडम उठल्या. "एक दुरुस्ती आसा," त्या म्हणाल्या. "शंभूचो अंदाज सरांचोच. तो खरो जालो." आणि देवळापासूनची सगळी हकीकत त्यांनी सांगून टाकली.

रघुनाथबाबांचा चेहरा पडला. "म्हणजे आतां ह्यांच्या चुकपाचेर सुद्दां विश्वास ना? मागीर फुडल्या वर्सा ह्यांका बाकार कित्याक बसोवप?"

"बसयनाकात, सायबा," सर म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नारळ छातीशी घट्ट धरला होता. "पूण मॅडम, तें वहीत टिपलां न्हय?"