काउबॉयच्या बसमधली पहिली सही

डेपोत त्याला सगळे काउबॉय म्हणत. माणूस जन्मात कधी घोड्याच्या वाऱ्याला उभा राहिला नव्हता. गल्लीतलं कुत्रं दिसलं तरी रस्ता ओलांडायचा. पण सकाळी आठच्या बसचं स्टिअरिंग हातात आलं, कॅसेट आत सरकवली, की स्वारी निघाली परमुलखातल्या माळरानावर. गिटार, फिडल म्हणजे तिकडचं व्हायोलिन, आणि नाकातून गाणारा कुणीतरी दुखावलेला बाप्या. जुनी, अस्सल अमेरिकन कंट्री गाणी.

शब्द त्याला निम्मेच कळत. “गाडी बिघडते, पाऊस लागतो, बायको सोडून जाते. एवढंच असतं त्यात,” तो घरी समजावून सांगे.

“पहिली दोन झालीत तुमची,” बायको म्हणे. “तिसऱ्याचं बघते मी.”

कॅसेट त्याने रस्त्याच्या मापाने भरली होती, घड्याळ समोर ठेवून, दोन रविवार खपून. चढाला संथ गाणं, उताराला बँजो, आणि लांब पूल लागला की नेमकी फिडल. ही करामत बसमध्ये एकाच माणसाच्या लक्षात आली होती, पोस्टातल्या बाईंच्या. ड्रायव्हरशेजारची सीट नऊ वर्षं त्यांचीच. पुलाच्या आधीच फिडल वाजली, की त्या हळूच म्हणत, “आज उशीर झालाय, दादा.” बस, एवढ्यावर गडी दिवसभर हवेत!

सोमवारी डेपो मॅनेजरने बोलावलं. “चाळीस प्रवाशांचा अर्ज आलाय. एक तर टेप काढा, नाहीतर ही फेरी सोडा.” आणि ते फोनवर बोलू लागले.

अर्ज टेबलावरच होता. ‘सदर रडगाण्यांमुळे प्रवाशांचे डोके उठते.’ खाली सह्या. खालच्या एकोणचाळीस सह्यांचं त्याला काही वाटलं नाही. लोकच ते, थंडीत खिडकीवरून भांडतात, उन्हाळ्यात पडद्यावरून. पण सगळ्यात वरची सही गोल, टपोरी, संपूर्ण नावाची होती. तीच सही त्याच्या घरी पडलेल्या पोस्टाच्या रजिस्टर पावत्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी टेपच्या जागी चौकोनी भोक होतं. बाई नेहमीसारख्या पुढे येऊन बसल्या, पर्स मांडीवर घेतली.

“आज गाणी नाहीत, दादा?”

“काढला टेप. अर्ज आला होता.”

“अगंबाई! लोकांना ना, दुसऱ्याचं सुख बघवत नाही.”

त्याने गिअर बदलला. उगाचच जोरात. “तुमचीही सही आहे त्यावर.”

बाईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. “कागद फिरत फिरत आला हो माझ्यापर्यंत. सगळ्यांनी केली होती. एकटीने नाही कसं म्हणायचं?”

“सगळ्यात वर तुमची आहे, बाई.”

पूल आला. आज नुसतीच टायरांची घरघर. मागे कुणाची तरी शिंक स्वच्छ ऐकू आली.

“नावं दाखवणार नाही म्हणाले होते मॅनेजर,” बाई पुटपुटल्या.

“पहिल्याच वर्षी सांगायचं. आवाज कमी केला असता. बंदसुद्धा केला असता.”

“तुम्ही इतके खूश असायचात की तोंडच उघडेना. मग वर्ष गेलं, दोन गेली. नंतर कसं सांगणार?”

“आणि पुलाचं? आज उशीर झालाय म्हणायचात ते?”

“काहीतरी बोलायला हवं ना, दादा. रोज शेजारी बसायचं म्हणजे.”

हे मात्र अर्जात नव्हतं. काल रात्री जेवताना बायकोने विचारलं होतं, “त्या बाईंनाही आवडत नव्हतं म्हणजे?” आणि तो खेकसला होता, “सही केली असेल भिडेपोटी. गाणं त्यांना कळत होतं.” एवढं एक त्याने शिल्लक ठेवलं होतं.

पोस्टाचा थांबा आला. त्याने दार उघडलं. बाई उठल्या, पण पायरीशी घुटमळल्या.

“दादा, राग धरू नका. उद्या...”

तो समोरच्या काचेतून रस्त्याकडेच बघत होता.

“उतरा बाई,” तो म्हणाला, “मागचे लोक खोळंबलेत.”