मामीने जुळवलेला ॲम्प

आमच्या मामीला दुकानदाराने पुढे केलेली पहिली वस्तू जन्मात कधी पसंत पडली नाही. मग ते पडदे असोत, कुकर असो, नाहीतर दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात कुणासाठी आलेलं स्थळ असो. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लग्नं जुळवणं हाच तिचा उद्योग होता. "बोहल्यावर सगळेच शहाणे दिसतात. मला सोमवारी सकाळचा मुलगा बघायचाय," असं म्हणायची आणि खरंच सोमवारी सकाळी, न कळवता, मुलाच्या घरी जाऊन धडकायची. लोक चिडायचे, पण मुलींच्या आया तिलाच फोन करायच्या.

मामा तिच्या अगदी उलट, कमी बोलणारा. मंडळाच्या गणपतीत भजनाला तबला त्याचाच. साठीनंतर त्याचे कान गेले. ऐकण्याचं यंत्र त्याने चार दिवस लावलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. दर रविवारी मामी गाडी चालवायची, मामा शेजारी बसून गाणी लावायचा आणि दोघं कोपर्निकस मार्गावर मराठी जेवायला जायची. तेही त्याने बंद केलं. मी तेव्हा मुनिरकाला खोली घेऊन राहत होते, नोकरी गुरुग्रामला आणि रविवारचं जेवण मामीकडे. वाढताना ती एकदा म्हणाली, "कान गेले त्याचं मला काही नाही गं. माणूस चाललाय माझा."

मग एकदा कानाच्या डॉक्टरकडून परत येताना सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली. दिल्लीची रीत, आत गाणं असं की आमच्या काचा थरथरू लागल्या. मामी शिव्या देण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात मामाने काचेवर तळवा टेकवला आणि ठेका ओळखून म्हणाला, "केहरवा." सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मामी त्याच्याकडेच बघत राहिली.

तिच्या मुलाने पुण्याला जाताना गाडीच्या डिकीत आपला सबवूफर, म्हणजे ठेका घुमवणारा मोठा स्पीकर, तसाच सोडला होता. त्याला जोर देणारा ॲम्प कधीच जळून गेला होता. मामीने मुलाला फोनवर पिडलं, व्हिडिओ पाहिले आणि पुढच्याच आठवड्यात मला आणि मामाला घेऊन करोल बाग गाठलं.

"मैडम, ये लो, चार हज़ार वॉट! पूरी गली हिलेगी," दुकानदार म्हणाला.

"गली नहीं हिलानी भैया, एक आदमी को हिलाना है," मामी म्हणाली. आणि चौकशी सुरू झाली. डब्यावरचा आकडा क्षणभराचा. रोज न थकता किती देतो? त्याला आरएमएस म्हणतात, तो सांगा. बरं, तो किती ओहमच्या स्पीकरवर? आमचा चार ओहमचा आहे, दोनवाल्याचं कौतुक आम्हाला कशाला? दुकानदार आधी हसत होता, मग त्याने स्वतःहून खुर्ची दिली. मला म्हणाला, "आंटी रिश्ता देखने आई हैं क्या?"

एवढं करूनही मामी चुकली. ॲम्प तिने जोडीला शोभेल असाच घेतला, पण गाडीत बसवून झाल्यावर त्याचा जोर पार वर चढवायला लावला. बहिऱ्यासाठी मोठ्याने, हाच आम्हा सगळ्यांचा हिशेब. नंबरप्लेट खडखडली, समोरचा चहावाला वळून बघू लागला आणि मामा छातीवर हात धरून म्हणाला, "घरी चल."

मामीचा चेहरा पडला. तिने गाणं बंद केलं. मग म्हणाली, "आपण सगळे त्याच्या कानात ओरडतो ना, तसंच झालं हे. ओरडणं पोचतं, बोलणं नाही." तिने दुकानदाराकडून जोर खाली आणवला, अगदी खाली, आणि फोनवरचं एक जुनं तबलावादन लावलं. मामा मान खाली घालून बसला होता. हळूहळू त्याची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. मग कपाळाला आठी पडली. "घाई करतोय हा," तो वैतागून म्हणाला, "लय धरवत नाही याला!" कित्येक महिन्यांत त्याने कशाबद्दल तक्रार केली नव्हती. भर गल्लीत मामीला रडू फुटलं, आणि रडता रडता ती त्याच्यावरच डाफरली, "मग तू वाजवून दाखव!" रविवार परत सुरू झाले.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली. हृदयाचा झटका, कुणाला काही करता आलं नाही. आम्ही नातेवाईक मामाच्या कानाशी लागून मोठमोठ्याने सांत्वन करत होतो आणि तो जमिनीकडे बघत होता. मुलगा त्याला पुण्याला न्यायचं म्हणत होता, गाडी विकायचं म्हणत होता. मामा कशालाच हो म्हणेना की नाही म्हणेना. मामीला ज्याची भीती होती तेच माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी गेले, तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि जाऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसला. मी गाणं लावलं. तो बराच वेळ सीटवर तळवा ठेवून होता. डोळे वाहत होते, ते त्याने पुसलेही नाहीत. मला गाडी सुरू करवेना. तेव्हा तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "चल. मी घरात बसलेला तिला चालत नाही."